पशुआरोग्य, वाचकांचे प्रश्न : गाईच्या अंगावर उठलेल्या गाठी लम्पीच्याच का?

पावसाळ्याच्या उत्तरार्धात कोकणातून येणाऱ्या पत्रांत एरवी फऱ्या, घटसर्प आणि जखमेत पडलेले किडे यांचीच विचारणा अधिक असते. या खेपेला मात्र बहुतेक पत्रांत गाठींचा विषय आहे, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्याकडे दोन बैल, तीन गाई आणि एक पाडा अशी सहा गुरे आहेत. गेल्या सोमवारी एका गाभण गाईने आंबोण सोडले आणि तिचे अंग गरम लागत होते. बुधवारी सकाळी तिच्या मानेवर आणि पाठीवर गाठी दिसल्या. शेजारचे काका पित्त उठले म्हणतात, गुरे राखणारा म्हणतो की सड्यावर टणटणी खाल्ली असेल, आणि पुण्याच्या भावाला मोबाइलवर फोटो पाठवला तर त्याने ‘लम्पी’ असे एका शब्दात कळवले. पाड्याच्या तोंडावरही दोन गोल चट्टे आहेत. नेमके काय समजावे? (एक वाचक, देवगड तालुका)

उत्तर : आपण वार लिहून पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण गाठींच्या वर्णनापेक्षा मला त्या वारांचाच उपयोग अधिक झाला. लम्पी त्वचारोगात आधी ताप येतो, तो १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गळू लागते, गाय दुभती असेल तर दूध एकदम उतरते, आणि त्यानंतर साधारण दोन दिवसांत अंगावर गाठी उठतात. आपल्या गाईचा क्रम या वर्णनाशी जुळतो. फक्त ‘अंग गरम लागले’ एवढ्यावर थांबू नका, कारण उन्हातून चरून आलेल्या गुराचे अंगही गरमच लागते. गुदद्वारात थर्मामीटर दोन मिनिटे धरून आकडा पाहावा आणि तो तारखेसह वहीत लिहून ठेवावा. निरोगी गाईचे तापमान १०१ ते १०२ अंशांच्या आसपास असते.

ताप मोजून झाल्यावर हात खांद्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी न्यावा. तेथे कातडीखाली एक लांबट लसिकाग्रंथी असते आणि तशीच दुसरी मागच्या पायाच्या गुडघ्याच्या वर, कुशीच्या घडीत असते. निरोगी जनावरात ती बोटांनी शोधावी लागते, पण लम्पीत ती इतकी सुजते की लांबूनही तिचा उंचवटा दिसतो. पित्तात, गजकर्णात किंवा गोचिडांच्या चाव्यात एवढी सूज सहसा येत नाही, म्हणून मी गाठींच्या आधी ही ग्रंथी चाचपतो.

मग गाठ चिमटीत धरून पाहावी. लम्पीची गाठ टणक, गोल आणि कडा स्पष्ट असलेली असते, तिचा आकार दोन ते पाच सेंटिमीटर म्हणजे बोरापासून लिंबापर्यंत असतो, आणि ती कातडीच्या पूर्ण जाडीत, कधी त्याखालच्या थरातही रुजलेली असते. डोके, मान, पाय, कास आणि शेपटीखालचा भाग या ठिकाणी ती विशेष पाहावी. गळ्याखालच्या पोळीला आणि पायांना सूज येऊन जनावर लंगडतही असेल. आपल्याकडच्या गोठ्यांत भरदिवसा अंधार असतो आणि पावसात गुरांचे केस ओले असतात, अशा वेळी विजेरी समोरून न मारता अंगाला जवळजवळ टेकवून आडवी धरावी, म्हणजे प्रत्येक गाठीची सावली पडते आणि तिच्यावरचे उभे राहिलेले केस वेगळे दिसतात.

फोटोवरून निदान करण्याचा मोह मलाही एकदा नडला आहे. २०२२ च्या पावसाळ्यात लांज्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने रात्री फोटो पाठवला होता. ओल्या केसांवर उंचवटे दिसत होते आणि मी ‘पित्त असेल, सकाळपर्यंत बसेल’ असे लिहून मोकळा झालो. सकाळी ते बसले नव्हते, आणि ती गाय रात्रभर इतर चार गुरांबरोबर एकाच दावणीला होती. फोटोत गाठ दिसते, पण तिची खोली दिसत नाही आणि तापाचा तर पत्ताच लागत नाही. तेव्हा आपल्या भावाचा अंदाज खरा ठरला तरी त्याला निदान म्हणता येणार नाही.

आपले काका आणि राखणारा यांनाही हसू नये. हा रोग १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबिया देशात, प्रथम नोंदला गेला तेव्हा तिथल्या जाणत्यांनीही नेमक्या याच दोन शंका घेतल्या होत्या : विषारी वनस्पती खाण्यात आली असावी, किंवा कीटकांच्या चाव्याची वावडी उठली असावी. तो संसर्गजन्य आहे हे १९४३ ते १९४५ च्या दरम्यान, दक्षिण आफ्रिकेपर्यंत त्याची मोठी साथ पसरली तेव्हा मान्य झाले. तरीही दोघांच्या शंका तपासून बाजूला ठेवणे आपल्या हातात आहे. पित्ताच्या गांधी काही मिनिटांत किंवा तासांत एकदम उठतात, त्यांना ताप असतोच असे नाही, आणि बहुधा त्या दिवसभरात विरतात. बुधवारच्या गाठी शुक्रवारीही जागच्या जागी असतील तर पित्ताचा विचार सोडून द्यावा. टणटणीच्या, म्हणजे घाणेरीच्या विषबाधेत यकृत बिघडते, जनावराला कावीळ आणि बद्धकोष्ठ होतो, आणि नंतर उन्हामुळे मुख्यतः पांढऱ्या किंवा कमी केसांच्या भागाची कातडी लाल होऊन सोलवटते. पापणी खाली ओढून आतला रंग पाहावा. तो पिवळा असेल आणि नुसती कातडी सोलत असेल, गाठी नसतील, तर राखणारा बरोबर आहे असे समजावे.

कोकणच्या पावसाळ्यात आणखी एक त्वचारोग फार फसवतो. सतत भिजलेल्या पाठीवर एका जिवाणूमुळे खपल्या धरतात आणि केसांचे झुपके एकत्र चिकटतात. अशी खपली उचलली तर ती केसांसकट रंगाच्या कुंचल्यासारखी हातात येते आणि खाली ओली, लालसर जागा उरते. ती वरवरची असते आणि लम्पीच्या गाठीसारखी मूळ धरत नाही. चामखिळी तर बोटाला खरखरीत, देठ असलेल्या किंवा फुलकोबीसारख्या लागतात, त्यांत गफलत होऊ नये. खरी अडचण येते ती गाईंच्या एका नागीण वर्गातील विषाणूमुळे होणाऱ्या ‘खोट्या लम्पी’ची. तिच्या गाठी उथळ असतात, मधोमध किंचित दबलेल्या असतात, जनावर फारसे आजारी दिसत नाही आणि दोनेक आठवड्यांत केस झडून सारे बरे होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत हा फरक अनुभवी डोळ्यालाही सांगता येत नाही, तो प्रयोगशाळेनेच सांगावा लागतो.

पाड्याच्या तोंडावरचे चट्टे जर गोल, केस गेलेले, राखाडी कोंडा असलेले आणि बिनतापाचे असतील, तर ते गजकर्ण असण्याचा संभव अधिक आहे. एकाच गोठ्यात दोन वेगळे आजार एकाच वेळी असू शकतात, हे विसरू नये. गजकर्ण माणसालाही होते, म्हणून मुलांना पाड्याचे तोंड कुरवाळू देऊ नका.

माझे मत विचाराल तर अहवाल येईपर्यंत गाईला लम्पीच झाला आहे असे धरून चालावे. आजच तिला वेगळ्या मांगरात किंवा निदान गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधावे, तिची बादली, दावे आणि तिची देखभाल करणारा माणूस वेगळा ठेवावा, आणि उरलेली पाच गुरे वाडीच्या सामाईक कळपात चरायला पाठवणे थांबवावे. आपल्याकडे चार घरांची गुरे आळीपाळीने राखली जातात, त्यामुळे एका घराची साथ चार घरांची व्हायला वेळ लागत नाही. संसर्गजन्य पशुरोग प्रतिबंध व नियंत्रणाच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा संशयित आजाराची खबर ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला देणे ही मालकाची जबाबदारी आहे. दवाखाना लांब असल्यास १९६२ या क्रमांकावर फोन करावा. गाय गाभण आहे हे आवर्जून सांगावे, कारण या रोगात गर्भपात होण्याचा धोका असतो.

प्रश्न : आमच्या वाडीत सात गुरांना गाठी आहेत, पण पशुवैद्यकांनी नमुने फक्त दोघांचेच घेतले. त्यातही एका गाईच्या रक्ताचा अहवाल ‘विषाणू आढळला नाही’ असा आला, आणि तिच्या अंगावर तर सर्वांत जास्त खपल्या आहेत. मग या चाचणीवर विश्वास कसा ठेवायचा? (एक वाचक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे, पण चाचणीपेक्षा तिच्या वेळेकडे पाहिले तर कोडे सुटते. लम्पीचा विषाणू रक्तात थोडेच दिवस राहतो. तापाच्या सुरुवातीपासून साधारण आठवडा-दीड आठवडा तो रक्तात सापडतो, पुढे तो कातडीतल्या गाठींत आणि खपल्यांत दडून बसतो. आपल्या गाईच्या अंगावर खपल्या धरल्या होत्या, म्हणजे आजार दोन आठवड्यांचा तरी झाला असावा. अशा वेळी रक्तात काही न सापडणे अपेक्षितच आहे आणि त्यावरून तिला लम्पी झाला नव्हता असे म्हणता येत नाही. त्याच गाईच्या खपलीचा तुकडा पाठवला असता तर उत्तर बहुधा वेगळे आले असते, कारण वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभर तग धरतो आणि त्याची जनुकीय खूण त्याहूनही जास्त काळ मिळते.

म्हणून साथीत नमुना घ्यायचा तो ताज्या आजारी जनावराचा. ताप असलेल्या, नुकत्याच गाठी उठलेल्या दोन-तीन गुरांचे रक्त जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या नळीत घ्यावे, नाकातील आणि तोंडातील स्राव कापसाच्या काडीवर घ्यावा आणि गाठीचा तुकडा किंवा खपली वेगळ्या डबीत ठेवावी. हे सारे बर्फावर, गळणार नाही असे तिहेरी वेष्टन करून जावे लागते. दोन दिवस मोटारसायकलच्या डिकीत फिरलेला नमुना प्रयोगशाळेला काही सांगू शकत नाही. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवला तर तो सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतील खुणा पाहण्यासाठी चालतो, विषाणू वाढवून पाहण्यासाठी मात्र निरुपयोगी ठरतो. आपल्या राज्यात हे नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात, आणि नव्या ठिकाणच्या साथीच्या पक्क्या निदानासाठी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा आधार घेतला जातो. तेथे केली जाणारी पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकाचा ठराविक भाग शोधते. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी वेगळी असते. आजार जुना झाल्यावर ती उपयोगी पडते, पण प्रतिपिंडे रोगामुळे आली की लसीमुळे, हे ती सांगत नाही.

सातही गुरांचे नमुने का घेतले नाहीत, याचे उत्तर सरळ आहे. गावात एकदा रोगाची खात्री झाली की त्याच वाडीतील त्याच लक्षणांची गुरे लक्षणांवरूनच रोगी धरली जातात. प्रत्येकाची चाचणी केल्याने उपचारात काही फरक पडत नाही.

त्यापेक्षा एक काम वाडीने स्वतः करावे, ज्याचा पशुवैद्यकाला नमुन्याइतकाच उपयोग होईल. कोणाच्या घरी पहिले गुरू कोणत्या तारखेला तापले, त्यानंतर कोणाचे, कोण कोणत्या कळपात चरत होते, कोणाला लस टोचली होती आणि केव्हा, याची यादी करावी. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुतेकदा एक ते दोन आठवडे जातात आणि जास्तीत जास्त २८ दिवस धरले जातात. म्हणून पहिल्या आजारी गुराच्या तारखेपासून २८ दिवस मागे जाऊन पाहावे : घाटावरच्या बाजारातून बैल आणला का, गाय फळवायला दुसऱ्या वाडीत नेली का, लग्नातील दिलेले वासरू आले का? फळवण्याचा प्रश्न मुद्दाम लिहिला आहे, कारण आजारी वळूच्या वीर्यात विषाणू सहा आठवड्यांपर्यंत आढळला आहे आणि आपल्याकडे तीन-चार वाड्यांना मिळून एकच वळू असतो. दुसरे म्हणजे, प्रयोगात संसर्ग दिलेल्या गुरांपैकी साधारण निम्म्यांच्याच अंगावर गाठी उठतात. तेव्हा ‘आमच्या बैलाला काहीच झालेले नाही’ या वाक्यावर यादी बंद करू नये.

प्रश्न : गोठ्यात गाय आजारी आहे आणि घरात दोन वर्षांचा नातू आहे. दूध द्यावे का? आणि धार काढणाऱ्याच्या बोटांवर फोड आले आहेत, ते लम्पीचेच का? (एक वाचक, मुरूड तालुका)

उत्तर : लम्पी माणसाला होत नाही. नीट उकळलेले दूध नातवाला द्यायला हरकत नाही, मात्र गाईला प्रतिजैविकाची इंजेक्शने चालू असतील तर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस ते दूध वापरू नये.

आपल्या पत्रातील दुसरे वाक्य मात्र मला पहिल्याहून महत्त्वाचे वाटते. धार काढणाऱ्याच्या बोटांवर फोड आले असतील तर त्या फोडांचे कारण लम्पी नाही. सडांवर होणाऱ्या देवीचे काही प्रकार, गाईंचे आणि म्हशींचेही, धार काढताना माणसाच्या हाताला लागतात. गाईच्या गाठी फक्त सडांवर आणि कासेवर आहेत का, की मानेवर व पाठीवरही आहेत, हे पाहून पशुवैद्यकांना कळवा आणि बोटांचे फोडही त्यांना दाखवा. या गड्याने दुसऱ्या गाईची धार काढू नये आणि स्वतः डॉक्टरकडे जावे.

प्रश्न : रोग गावात शिरल्यावर लस टोचून उपयोग होतो का? गेल्या वर्षी लस दिल्यावर आमच्या कालवडीला गाठ आली होती, म्हणून घरचे नको म्हणतात. (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : निरोगी गुरांना टोचावी, आजारी गुराला टोचू नये. लसीची ताकद यायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून त्या काळात गुरू आजारी पडले तर लसीने रोग दिला असे लोक म्हणतात. बहुतेकदा संसर्ग आधीच झालेला असतो. लम्पीचा विषाणू मेंढ्या-शेळ्यांच्या देवीच्या विषाणूंचा सख्खा भाऊ असल्यामुळे आपल्या देशात शेळ्यांच्या देवीची, उत्तरकाशी वाणाची लस गाईंना दिली गेली. हिसार आणि इज्जतनगर येथील संस्थांनी तयार केलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक’ ही लम्पीच्याच विषाणूपासूनची लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली.

टोचल्या जागी आलेली एकच गाठ आणि एखाद-दोन दिवसांचा ताप ही लसीची प्रतिक्रिया समजावी. अंगभर उठलेल्या गाठी वेगळ्या. लस नुकतीच दिली असेल तर नमुन्यासोबत लसीची तारीख आणि नाव लिहून पाठवणे अत्यावश्यक आहे, कारण काही पीसीआर चाचण्या देवीच्या या साऱ्या कुटुंबाला मिळून असतात आणि त्या लसीचा विषाणू व रोगाचा विषाणू यांत फरक करत नाहीत. त्यासाठी दुसरी चाचणी लावावी लागते. प्रत्येक गुराला नवी सुई वापरली जात आहे ना, हे तेथे उभे राहून पाहा, संकोच करू नका. एकाच सुईने वाडी टोचणे म्हणजे माशीचे काम माणसाने करणे आहे.

माशीवरून आठवले. हा विषाणू गोठ्यातील चावरी माशी, डास आणि गोचीड यांच्या तोंडातून एका गुरापासून दुसऱ्याकडे जातो. चावरी माशी अंडी घालते ती शेण-मूत मिसळलेल्या कुजक्या पेंढ्यात, म्हणजे आपल्याकडे पावसाळाभर गव्हाणीखाली साचलेल्या थरात. संध्याकाळी निरगुडीची धुरी करता ती चालू ठेवा, पण तो थर दोन दिवसांआड उपसल्याशिवाय माशी हटणार नाही.

प्रश्न : शेळ्या आणि म्हशींनाही होतो का? पानाचा लेप लावतात तो खरा का? (एक वाचक, चिपळूण तालुका)

उत्तर : म्हशींना क्वचित आणि सौम्य होतो, शेळ्यांना सहसा होत नाही. शेळीच्या अंगावर फोड असतील तर ती शेळ्यांची देवी असू शकते, तिची वेगळी तपासणी करावी. विड्याची पाने, मिरी, मीठ आणि गूळ यांचे चाटण राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या माहितीतही आहे आणि जनावराचे खाणे टिकवायला ते द्यायला माझा विरोध नाही. विषाणू मारणारे औषध मात्र कोणाकडेच नाही. उपचार असतात ते ताप, वेदना आणि जखमेतील जंतुसंसर्गाचे. आपल्या हवेत खरी निगा लागते ती दोन-तीन आठवड्यांनी, गाठीचा मेलेला मधला भाग खिळ्यासारखा निघून खोल खड्डा पडतो तेव्हा. त्यात दोन दिवसांत किडे पडतात, म्हणून तो रोज धुऊन, माश्या दूर ठेवणारे मलम लावून सुकता ठेवावा.

प्रश्न : दगावलेला बैल कुठे पुरावा? आमच्याकडे खाली जांभा आहे आणि विहीर जवळ आहे. (एक वाचक, वेंगुर्ले तालुका)

उत्तर : समुद्रात किंवा ओढ्यात सोडू नये, आणि कातडीही काढू देऊ नये, कारण वाळवलेल्या कातडीत विषाणू किमान १८ दिवस टिकल्याची नोंद आहे. खड्डा निदान आठ फूट खोल असावा, विहिरीपासून लांब आणि पाणी वाहून येत नाही अशा उंचवट्यावर असावा, आणि वर-खाली चुन्याचा थर द्यावा. जांभ्यात एवढी खोदाई हाताने होत नाही, म्हणून ग्रामपंचायतीकडून यंत्राची व्यवस्था होते का ते आधी विचारावे. २०२२ च्या साथीत राज्य शासनाने दुधाळ गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये साहाय्य दिले होते. सध्या काय तरतूद आहे ते दवाखान्यात विचारा. असे साहाय्य पशुवैद्यकाच्या पंचनाम्यावर ठरते आणि पुरून टाकलेल्या जनावराचा पंचनामा होत नाही, त्यामुळे पशुवैद्यक केव्हा येतात हे ठरवूनच खोदाईचे यंत्र बोलवा.